गावात गार, घाटात लाल: जुन्या आठशेचं हेड उतरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एसी नाही. कराडात रोज फिरते, तक्रार नाही. चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाट निम्मा चढली की तापमानाचा काटा लालला टेकतो. मागच्या फेरीत काटा लालवर गेला आणि अचानक खाली आला. "सुटलो" म्हणून पुढे निघालात, तर दोन वळणांनंतर गाडीचा दम गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप) काढून टाकला, मग फॅन डायरेक्ट केला, म्हणजे स्विच वगळून सतत चालू ठेवला, आणि आता हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं म्हणतायत. उतरवू का?

लगेच नको. हेड गेलेलं असू शकतं, नाही म्हणत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून अजून कुणी काही तपासलेलंच दिसत नाही. दोन गोष्टी काढल्या-जोडल्या, आणि त्यात झालं असं की जी लक्षणं वाचून आजार सापडला असता तीच पुसली गेली.

आधी तो काटा अचानक खाली का आला ते सांगतो, कारण या एका गैरसमजापायी मी इंजिनं जाम झालेली पाहिली आहेत. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी उडून गेलं की तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येतो. लालवरून हळूहळू उतरला तर गाडी थंड होतेय. एकदम पडला तर पाणी संपलंय, आणि तिथून पुढचा प्रत्येक फर्लांग हेडवर जातो. तुम्ही दोन वळणं गेलात. म्हणून पहिली तपासणी हेड जिवंत आहे का याचीच करायची, फक्त ते न उतरवता.

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना करा. इंजिन पूर्ण थंड हवं. रेडिएटरचं झाकण उघडा, गळ्यापर्यंत पाणी भरा, झाकण लावा. गाडी सुरू करून वरचा होज पाइप मुठीत धरा. पाणी अजून गार आहे, त्यामुळे पाइप मऊच राहिला पाहिजे. मिनिटभरात तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय आणि गॅस्केट (हेडखालची सील) गेलेलं आहे. मऊ राहिला तर गाडी बंद करा, झाकण काढा, पुन्हा सुरू करा आणि तोंडातून आत बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. पण पाच मिनिटांनीही सोड्याच्या बाटलीसारखे एकसारखे बुडबुडे येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर. खात्री हवी असेल तर निळ्या द्रवाची चाचणी मिळते. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्या द्रवातून ओढायची. जळलेला गॅस असेल तर निळ्याचा पिवळा होतो.

तीनही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. दोन काळपट-तपकिरी आणि एक धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, वाफेने तो घासला गेलाय.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लगेच "हेड गेलं" असं सांगतात. त्याला एकदम घाबरू नका. पावसाळ्यात, छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत बाष्प साचून अशी साय येतेच, आणि थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीत तर हमखास येते, कारण इंजिन कधी नीट तापतच नाही. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नका.

ह्यातून हेड सुटलं असं धरून पुढे जाऊ. माझा अंदाज ते सुटेल असाच आहे, कारण गावात तुमची गाडी पाणी खात नाही आणि पांढरा धूरही सांगितलेला नाहीत.

आता मुख्य गोष्ट. गाडी कधी गरम होते यावर निम्मं निदान असतं. सिग्नलला उभी असताना गरम होते आणि हायवेला लागली की काटा उतरतो, तर बघायचं फॅन आणि रेडिएटरच्या बाहेरच्या जाळ्या. वेगात किंवा चढावर गरम होते आणि सावकाश चालवली की बरी, तर आतला प्रवाह: रेडिएटरच्या नळ्या, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप), खालचा होज. सुरू केल्यापासून दहा मिनिटांतच कुठेही गरम होते, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला किंवा पाण्यात एअर. आणि हेडलाइट लावला की काटा वर सरकतो, तर इंजिन गरमच नाही, अर्थिंग खराब आहे.

तुमची गाडी वरवर दुसऱ्या वर्गात बसते. पण "गावात ठीक" ही तुमची साक्ष कच्ची आहे, आणि याला कारण तो काढलेला थर्मोस्टॅट. त्याचं काम एवढंच की पाणी साधारण ८२ अंशांना पोचेपर्यंत रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवायचा. तो नसेल तर पहिल्या सेकंदापासून सगळं पाणी रेडिएटरमध्ये फिरतं. मग कराडात स्टँडपासून मंडईपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत इंजिन तापायलाच वेळ मिळत नाही. रेडिएटर निम्मा बुजलेला असला, फॅन उलटा फिरत असला, तरी कळणार नाही. ताप बघण्याआधीच क्रोसिन दिल्यासारखं झालं.

थर्मोस्टॅट काढला की पाणी "फार वेगाने पळतं आणि थंड व्हायला वेळ मिळत नाही" असंही काहीजण सांगतात. ते खरं नाही, प्रवाह जास्त असेल तर उष्णता जास्तच निघते. खरं नुकसान वेगळं आहे. इंजिन गारठलेलं चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरत राहतं. म्हणजे थंड करायला काढलेली वस्तू नेमकी घाटात दगा देते.

थर्मोस्टॅट परत बसवायचाच आहे. जुना सापडला तर घरी तपासता येतो. बायकोला विचारून एक जुनं पातेलं घ्या. थर्मोस्टॅटच्या झडपेत दोऱ्याचं टोक अडकवा आणि दोऱ्याने तो पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू द्यायचा नाही. पाण्यात तापमापक सोडा, ज्वर मोजायचा नव्हे, शंभर अंश दाखवणारा. पाणी तापू लागेल, दोऱ्यावर थर्मोस्टॅट तसाच लटकत राहील, आणि ऐंशीच्या पुढे एका क्षणी दोऱ्यावरून सुटून टणकन तळाला आदळेल. झडप उघडल्याची ती खूण, तेव्हाचा आकडा वाचा. ८२ चा थर्मोस्टॅट ८० ते ८४ च्या आसपास सुटला तर ठीक. पाणी उकळू लागलं तरी लटकलेलाच राहिला तर फेकून द्या. बसवताना त्याच्यावरचं बारीक छिद्र किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. अडकलेली हवा तिथूनच सुटते. लगेच मात्र बसवू नका, आतला प्रवाह बघायला तो नसणं आपल्या फायद्याचं आहे. ते खाली सांगतो.

दुसरी वस्तू रेडिएटरचं झाकण. याला कुणीच पार्ट मानत नाही. झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण दाबाखाली पाणी शंभरला उकळत नाही, एकशे वीसच्या घरात उकळतं. झाकणावर आकडा छापलेला असतो, जपानी वळणाच्या गाड्यांना बहुधा ०.९, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी जवळजवळ तेवढाच दाब. एवढा दाब धरला तर साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट असेल तर आणखी वर. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग बसली, की हा सगळा फायदा गेला. घाटमाथ्याच्या उंचीवर पाणी शंभरच्या थोडं खालीच उकळतं. म्हणजे इंजिनाचा काही दोष नसताना नुसत्या झाकणापायी गाडी पाणी फेकते.

आमच्याकडे एकदा एक ओम्नी आली होती. तिचीही तक्रार हीच, चढावर गरम. माझ्याआधी दोन ठिकाणी जाऊन आलेली: एकाने वॉटर बॉडी बदललेली, दुसऱ्याने रेडिएटर. मी पोऱ्याला ॲक्सिलरेटरवर बसवलं आणि खाली वाकून बघत राहिलो. रेस वाढली तसा खालचा होज पाइप चपटा होत गेला, कुणी बोटांनी दाबावा तसा. पंप खालच्या पाइपातून पाणी ओढतो, पाइप लेचापेचा असेल तर ओढीने मिटतो आणि पाणी तुटतं. मोठा शोध लागल्यासारखं मी पाइप बदलला, गाडी दिली. दोन महिन्यांनी ओम्नी परत, नवा पाइपही तसाच मिटत होता. तेव्हा कुठे डोक्यात आलं. सिस्टिममध्ये दाब असेल तर तो दाबच खालच्या पाइपाला आतून फुगवून धरतो. दाबच नव्हता, कारण झाकण गेलेलं. दोन गॅरेजनी हजारोंचं काम केलं, तिसरा मी, आणि दोष शे-दीडशेच्या झाकणात. त्या दिवसापासून गरम होणारी गाडी आली की आधी झाकण हातात घेतो.

झाकणात आणखी एक छोटी झडप असते, उलट्या दिशेने उघडणारी. गाडी थंड होताना बाजूच्या बाटलीतलं पाणी तिच्यातून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र गळ्याखाली रिकामा असं दिसलं, तर ही झडप किंवा बाटलीची बारीक नळी बघा. थंड झाल्यावर वरचा होज चपटा पडत असेल तरी तेच.

हे सगळं थंड इंजिनावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडून छाती-हात भाजलेली माणसं मी हॉस्पिटलात पोचवली आहेत. झाकण उघडताच दाब जातो आणि ११० अंशांचं पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं धरलं म्हणून काही वाचवत नाही. अर्धा-पाऊण तास थांबा.

आता रेडिएटर, ज्यावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे. त्याची परीक्षा एका बादलीत होते. पाणी काढून टाका, वरचा आणि खालचा होज सोडवा. वरच्या तोंडातून बादलीने धार धरा, किंवा बागेची नळी पूर्ण जोरात सोडा. जितक्या जोराने वरून घालाल तितक्याच जोराने खालून पडलं पाहिजे. वर तुंबून बाहेर सांडू लागलं तर नळ्या बुजल्यात. तुमच्याकडे कुठलं पाणी घालतात हे लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे बहुतेक गॅरेजांत बोअरचं पाणी. ज्या पाण्याने घरच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तेच पाणी पंचवीस वर्षं रेडिएटरमध्ये उकळतंय.

आणि हळद. रेडिएटर थेंबथेंब गळत असेल तर त्यात हळद टाकायची हा जुना उपाय, ड्रायव्हर लोकांचा. रस्त्यात अडकलात तर मीही टाकेन, गळती थांबते. पण गावात पोचल्यावर ती धुऊन कुणी काढत नाही, आणि जी हळद भोक बुजवते ती नळ्याही बुजवते. झाकण उघडल्यावर कडेला पिवळट गाळ दिसला तर मागच्या मालकाने काय केलं ते कळलं.

रेडिएटर जुना पितळी-तांब्याचा असेल तर टाकी सोडवून रॉडिंग करता येतं, म्हणजे प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून गाळ काढायचा. चांगला रेडिएटरवाला असेल तर काम टिकतं. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर त्याच्या मागे लागू नका, नवा घ्या.

बाहेरची बाजूही बघा. गाडी तुम्ही चिपळूणकडूनच घेतली असेल तर २०२१ च्या जुलैच्या पुरात ती उभी होती का, हे विचारा. पुरातून काढलेल्या गाड्यांच्या जाळ्यांत गाळ इतका बसतो की समोरून स्वच्छ दिसतं आणि मागून उजेड धरला तर आरपार येत नाही. धुताना इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला तर पाती वाकून जाळी कायमची बंद होते.

गावात चालतं आणि घाटात नाही, असं का, तर हिशेब साधा आहे. या इंजिनाची ताकद ३७ अश्वशक्ती. सपाटीवर चाळीसच्या वेगात त्यातली चार-पाच जेमतेम लागतात. घाटात, चार माणसं आणि सामान घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून चढताना बरीचशी लागते, आणि पेट्रोल इंजिनात चाकांना जेवढी ताकद जाते साधारण तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. निम्मा बुजलेला रेडिएटर गावाला पुरतो, कुंभार्लीला पुरत नाही. त्यात तुमची चढण पूर्वेकडे. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडचा वारा पाठीमागून येतो, गाडीचा वेग वीस-पंचवीस. रेडिएटरला समोरून वारा असा मिळतच नाही. जाताना तोच घाट उताराचा, म्हणून तेव्हा काही कळत नाही.

म्हणूनच फॅनला मी पूर्ण सोडत नाही. तुमचा फॅन डायरेक्ट केलाय. वायर जोडताना दोन टोकांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते, आवाज तोच येतो, वाराही लागतो, पण तो उलट्या दिशेने. तपासायला फॅन चालू असताना रेडिएटरच्या समोर वर्तमानपत्राचं अर्धं पान धरा. ते जाळीला चिकटून बसलं पाहिजे. फडफडून बाहेर ढकललं गेलं तर तुमचा निम्मा प्रश्न सुटला. फॅनभोवतीचं काउल (वारा जाळीतूनच ओढायला लावणारं आवरण) काढून टाकलेलं असेल तर तेही परत बसवा. त्याच्याशिवाय फॅन स्वतःपुरताच वारा ओढतो.

वॉटर बॉडी बघायला आत्ता चांगली संधी आहे, कारण थर्मोस्टॅट नाही. थंड इंजिन, झाकण काढलेलं, बोटभर पाणी कमी. सुरू करा आणि आत बॅटरी मारून बघा. पाण्यावर ओढ दिसली पाहिजे आणि रेस दिल्यावर ती स्पष्ट वाढली पाहिजे. पाणी नुसतं थरथरत असेल तर पंपाच्या आतला पंखा गंजून गेलाय किंवा शाफ्टवर सुटा फिरतोय. नुसतं साधं पाणी घातलेल्या गाड्यांत पंख्याची पाती गंजून नखाएवढी उरलेली मी काढली आहेत. बाहेरून अशी वॉटर बॉडी गळतही नाही, आवाजही करत नाही. बेल्ट सैल असेल तर तोही बघून घ्या. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरपेक्षा जास्त दबू नये.

इतकं करून काही सापडलं नाही तर पाण्याची बाजू सोडा आणि टायमिंगकडे जा, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेवर पडते का ते बघा. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्लगांना वाटणारा भाग) मागे पडला असेल किंवा त्याच्या व्हॅक्यूमची नळी चिरली असेल, तर पेट्रोल उशिरा जळतं आणि उष्णता ताकदीऐवजी हेडमध्ये जाते. घाटात गाडी पहिल्यापेक्षा आळशी वाटत असेल तर हा संशय धरायचा. सरकणारा क्लच आणि धरून राहणारा ब्रेकही हेच करतात. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमला हात लावा, एखादं वेगळंच तापलेलं असेल.

समजा शेवटी हेड उतरवावंच लागलं. तर गॅस्केट बदलून तसंच बसवू देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायला सांगा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर लेथवर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणं, झालंच पाहिजे. बोल्ट आवळायचे ते मधल्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना). हाताच्या अंदाजाने आवळलेलं हेड मी सहा महिन्यांत परत उघडलेलं आहे, दुसऱ्याचं आणि एकदा माझं स्वतःचंही.

भरताना कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. डब्यावर तयार मिश्रण लिहिलेलं असेल तर त्यात पाणी नको. निव्वळ कूलंट ओतलं म्हणजे जास्त गार होईल असं नाही, पाण्याइतकी उष्णता ते वाहूनच नेत नाही. भरल्यावर हीटर असेल तर तो गरमवर ठेवून, नाक थोडं चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून गाडी चालू द्या. वरचा होज गरम झाला, पाणी खाली बसलं, की पुन्हा भरा. एअर राहिली तर नव्या पार्टांनीसुद्धा गाडी गरम होईल.

मग थर्मोस्टॅट बसवून सकाळी लवकर घाटाच्या पायथ्याच्या पोफळीहून चढून बघा, दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता. काटा निम्म्याच्या वर चढू लागला तर हीटर पूर्ण सोडा, थोडी उष्णता तिकडे निघून जाते. तरी चढतच राहिला तर कडेला घ्या. लालच्या आत असेल तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर हलकी रेस ठेवा, पाणी फिरू द्या. वाफ सुरू झाली असेल तर बंदच करा आणि वरून गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. वर हेळवाकपर्यंत काटा जागेवर राहिला, की परत दुपारी तीच चढण करा.

आणि फॅनची डायरेक्ट वायर काढून थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) परत जोडून घ्या. स्विच गेलाय का ते कळायला त्याचं सॉकेट काढा, इग्निशन चालू ठेवून दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा. फॅन फिरला तर मोटर आणि रिले ठीक, बदलायचा तो फक्त स्विच. त्याचे पैसे वाचवून तुम्ही आत्ता दिवसभर चालणाऱ्या फॅनचा भार अल्टरनेटर आणि बॅटरीवर टाकलाय.